जाळ्याचा वाटा

"तिकडची मुलं गणितात जरा कच्चीच असतील ना?" असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणारा बहुतेक वेळा नात्यातला असतो, चांगल्या मनाने विचारतो, आणि त्याच्याच घरचा चहा माझ्या हातात असतो. म्हणून पहिला घोट घेईपर्यंत मी थांबते. त्यापुढे थांबत नाही. त्याला एक गणित घालते, कोळ्यांचं आणि माशांचं, आणि ते सुटेपर्यंत बिस्किटाला हात लावू देत नाही. ते गणित माझ्या शाळेत कसं आलं आणि कुठवर गेलं, ते आज सांगायचं आहे.

मी चंद्रपूरची, कोळशाच्या धुरात वाढलेली. नोकरीची पहिली वर्षं अहेरीला काढली. आता गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात गणित शिकवते. गावाला मोठा तलाव आहे आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ढिवरांची वस्ती. माझ्या वर्गातली निम्मी मुलं मासे धरणाऱ्या घरांतली, उरलेली बरीचशी जंगलातल्या टोल्यांवरची, म्हणजे लहान पाड्यांवरची, गोंड मुलं. ती शाळेला लागून असलेल्या वसतिगृहात राहतात.

जिल्ह्याच्या गावी दरवर्षी गणिताची एक स्पर्धा होते, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी. गोल काळे करायची परीक्षा नाही ही. मोजकेच प्रश्न, भरपूर वेळ, आणि उत्तरापेक्षा तुम्ही विचार कसा केला ते लिहायचं. एखादा प्रश्न तासभर हलत नाही. आमच्या शाळेतून तिकडे कोणी जातच नसे. "आधी पाढे तर येऊ द्या," असं सहकारी म्हणत, आणि मी त्यांच्याशी भांडत असे. भांडून कोणाला काही पटलं नाही. पटवलं ते एका मुलीने.

ही मुलगी वसतिगृहातली, गोंड घरची. आठवीत असताना हट्टाने त्या स्पर्धेला गेली होती आणि एकटीच परत आल्यासारखी परत आली होती. म्हणजे बरोबर मी होते, पण ती बोलेना. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, इतके चांगले सवाल मले आतापरेंत कोणी काऊन नाई देले?" दहावीत गेल्यावर ती एक दिवस माझ्याकडे आली.

"मॅडम, मले लहाने पोट्टे पायजे."

"कशाला?"

"खेळाले."

तिला स्वतःला आता स्पर्धेला बसता येणार नव्हतं. म्हणून तिला पाचवी-सहावीतली मुलं हवी होती. मी चार-पाच हुशार मुलं निवडून दिली. तिने ती परत केली आणि सांगितलं की ज्यांना हरल्याचा राग येतो ती द्या. तिला हवी तशी मुलं शोधायला मला अजिबात वेळ लागला नाही.

शाळा सुटली की वऱ्हांड्यात त्यांचा खेळ चाले. मधे चिंचोक्यांचा ढीग. आळीपाळीने एक, दोन किंवा तीन चिंचोके उचलायचे, शेवटचा जो उचलेल तो जिंकला. एवढंच. आणि दहावीतली ताई दर वेळी जिंके. कधी म्हणे मी पहिली, कधी म्हणे तू पहिला, पण जिंकायची तीच. मुलं चिडत, ढीग लाथेने उडवत, दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. मी एकदा न राहवून म्हटलं, "अगं, युक्ती सांगून टाक की त्यांना!" त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या ताटातली भाजी उचलली होती. मी निमूट स्टाफरूममध्ये गेले.

सहावीतली एक मुलगी होती, पाळीवरच्या ढिवर घरची. हडकुळी, नाकाच्या शेंड्यावर राग. सगळ्यांत जास्त हरायची ती, आणि सगळ्यांत जास्त आरडाओरडा तिचाच. हळूहळू तिचा आरडाओरडा थांबला. ती खेळ सोडून नुसती बघत बसू लागली. मग एका दुपारी तिने स्वतःच वीस चिंचोके मोजून घेतले, चार-चारांच्या ओळीत मांडले आणि ताईला म्हणाली, "आज पैले तू खेळ."

ताई म्हणाली, "नाई, तू खेळ."

"नाई. तूच. तू कितीबी उचल, मी चार पुरे करतो."

आमच्याकडे मुलीसुद्धा 'करतो' म्हणतात. दहावीतली ताई हरली, आणि हरल्यावर ती वऱ्हांड्यात अक्षरशः नाचली. इतकं खूश झालेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी पंचवीस मुलांपुढे फळा भरून चाराच्या पटी शिकवते, अर्धे जांभया देतात. या पोरीने एक शब्द न शिकवता सहावीतलीच्या डोक्यात त्या पेरल्या. हेवा वाटला मला, खोटं कशाला बोलू? पण हेव्याच्या कितीतरी पट कौतुक वाटलं.

त्यानंतर तिने मुलांना स्पर्धेचे जुने प्रश्न द्यायला सुरुवात केली. त्यात तो कोळ्यांचा प्रश्न होता. काही कोळ्यांनी मासे धरले. सारखे वाटले असते तर प्रत्येकाला नऊ आले असते. पण ऐनवेळी आणखी दोघे सामील झाले, म्हणून प्रत्येकाला सातच आले. सुरुवातीला कोळी किती आणि मासे किती?

समीकरण मांडायची गरज नाही. नव्या दोघांना मिळून चौदा गेले. ते चौदा आधीच्यांनी प्रत्येकी दोन-दोन काढून दिले. म्हणजे आधीचे सात, आणि मासे त्रेसष्ट.

वसतिगृहातल्या मुलांनी धडपडत का होईना, तेच आणलं. पाळीवरच्या मुलांनी मात्र एकजात लिहिलं: मासे त्रेसष्ट, कोळी सहा. सगळ्यांनी सहा! मासे बरोबर आणि कोळी चूक, हे जमतं तरी कसं? एकाचं बघून सगळ्यांनी उतरवलं असणार, असं समजून माझा पारा चढायला लागला. तोंड उघडणार तेवढ्यात ताईने मला हाताने थांबवलं. सहा मुलांना तिने ओळीत बसवलं आणि सहावीतलीला म्हणाली, "हे तुये सहा कोळी. दे त्याईले मासे."

सहावीतलीने नऊ-नऊ चिंचोके वाटले. सहांपुढे सहा ढीग झाले, आणि सातवा ढीग तिने सगळ्यांच्या आधीच बाजूला काढून ठेवला होता.

"हा कोणाचा?"

तिने ताईकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जाळ्याचा!"

तलावातले मासे धरले की पाळीवर वाटे पडतात. जितके हात जाळ्याला, तितके वाटे, आणि एक वाटा जाळ्याचा. तो पहिला काढतात. त्यातून सूत येतं, फाटलेलं विणलं जातं. या मुलांनी जन्मात कधी जाळ्याला वगळून मासे वाटलेले पाहिले नव्हते. प्रश्नात जाळ्याचं नाव नव्हतं, पण मासे धरले म्हणजे जाळं असणारच, आणि जाळं असलं म्हणजे त्याचा वाटा असणारच. ते लिहायची गरज काय?

मी असते तर लाल पेनाने सहा खोडून सात केले असते, आणि वर पाच मिनिटं भाषण दिलं असतं. ताईने खोडलं नाही. ती म्हणाली, "तुयं बराबर हाये. पण हा पेपर लिवणाऱ्याच्या गावात जाळ्याले वाटा नाई भेटत."

"मंग जाळं फाटलं तं?"

"थे त्याचं थो पाहीन. आपन पेपरात लिवलं तेवढंच धराचं."

सहावीतलीला हे पटलेलं दिसलं नाही. अशा लोकांच्या हाती तलाव द्यायलाच नको, असा तिचा चेहरा होता. पण त्या दिवसापासून त्या गटात एक रीत पडली. पेन्सिल उचलण्याआधी मोठ्याने विचारायचं, "कोणाकोणाचा वाटा धरला?" त्रिकोणाचा प्रश्न असो की घड्याळाचा, हे वाक्य म्हणायचंच. प्रश्नात काय दिलंय आणि आपण मनाने काय घातलंय, हे वेगळं करायची याहून चांगली रीत मला माझ्या सगळ्या नोकरीत सापडली नव्हती.

गटातल्या आणखी काहींबरोबर सहावीतलीचं नाव स्पर्धेसाठी गेलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, नाहीतर ओरडलीच असती. मग गावात तलाव धरायचा दिवस ठरला आणि तो नेमका स्पर्धेचाच रविवार निघाला.

उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी उतरतं तेव्हा गाव मिळून मोठं जाळं ओढतं. प्रत्येक घरचा एक हात जाळ्याला लागतो. हात नाही तर वाटा नाही, मग घर कोणाचंही असो. सहावीतलीचा बाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. आई बाळंतीण, तान्हं लेकरू मांडीवर, ती पाण्यात कशी उतरणार? घरात उरलेले हात म्हणजे हिचे. आणि त्या दिवशीचे मासे नुसते त्या दिवशीचे नसतात. ते सुकवून ठेवतात. पावसाळा लागेपर्यंत घरात दुसरं कालवण क्वचितच शिजतं.

"मी नाई येत मॅडम," ती येऊन म्हणाली. नेहमीसारखी चिडली असती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती शांत होती. "वाटा गेला तं माय खाईन काय?"

मी तडक पाळीवर गेले. ताई माझ्या मागे. जाळ्याचा सगळा कारभार एका म्हाताऱ्या भाऊंकडे आहे. दिवस तेच ठरवतात, वाटेही तेच पाडतात. ते जाळं पसरून बसले होते.

"भाऊ, एक दिवस पुढे ढकला," मी म्हटलं.

"पाणी उतरलं हाये मॅडम. बर्फाची गाडी सांगून झाली. पल्याडच्या गावचे लोक येऊन राह्यले. एका पोट्टीसाठी तलाव थांबत नाई."

"मग तिच्या घरचा वाटा तेवढा ठेवा."

"हात नाई तं वाटा नाई. माह्या पोराच्या लग्नात आमच्या घरचा हात नव्हता. आमालेबी नाई भेटला."

मग माझी जीभ सुटली. मुलीचं आयुष्य मोठं की मासे मोठे, तलाव काय उद्या पळून जाणार आहे, असं बरंच बोलले मी. भाऊ रागावले नाहीत. माझं संपेपर्यंत त्यांनी एक गाठ मारली आणि विचारलं, "चा घेता का?" या प्रश्नापुढे भांडण टिकत नाही. मी धपकन खाली बसले.

ताई उभीच होती. ती म्हणाली, "भाऊ, हात पायजे न? तिच्या जागी मी धरतो जाळं."

भाऊंनी पहिल्यांदा मान वर केली. "तू तं वसतिगृहातली. तुले येते का जाळं ओढाले?"

"नाई येत. शिकवा."

मी म्हटलं, "तुझी दहावी तोंडावर आली आहे, वेड लागलंय का?" ती म्हणाली, दहावीचा पेपर काही रविवारी नाही. भाऊंनी जाळ्याचं एक टोक उचललं आणि तिच्या हातात दिलं. दोर मुठीत कसा धरायचा, पाय चिखलात कसा रोवायचा, हे दाखवायला ते उठून उभे राहिले. हो म्हणाले की नाही ते मला कळलंच नाही.

रविवारी मी मुलांना घेऊन गडचिरोलीला गेले. जीपमध्ये सहावीतली खिडकीशी बसली आणि तलाव दिसेनासा होईपर्यंत मान मागे वळवून बघत राहिली. मुलं आत गेल्यावर मी बाहेर पिंपळाखाली इतर शाळांच्या शिक्षकांबरोबर बसले. त्यांच्या मुलांनी कोणकोणते क्लास केले ते मला ऐकवलं गेलं. मी चिंचोक्यांबद्दल काही बोलले नाही. मनात मात्र म्हटलं, तुम्ही आमची वऱ्हांड्यातली मास्तरीण पाहिलेली नाही.

सहावीतली सगळ्यांत शेवटी बाहेर आली. एक प्रश्न राहिला होता. "थोडाकच राह्यला होता मॅडम. कोणाकोणाचा वाटा धरला थे समजलं होतं. मंग घंटी झाली." परतीच्या सगळ्या वाटेवर ती जीपच्या धुळकट काचेवर बोटाने तोच प्रश्न मांडत आली. गाव जवळ आलं तेव्हा काच लख्ख झाली होती आणि प्रश्न तसाच होता.

जीप थांबली तशी ती तलावाकडे पळाली. आम्ही सगळे तिच्या मागे.

दिवस मावळतीला आला होता. जाळं पाळीवर वाळत पडलं होतं आणि मोकळ्या जागेत पळसाच्या पानांवर माशांचे वाटे मांडलेले होते. प्रत्येकात थोडे रोहू, एखादी मरळ, मूठभर झिंगे. गंमत म्हणजे कोणी अजून उचलले नव्हते. माणसं आपापल्या वाट्यामागे बसून बिड्या ओढत होती. ताई भाऊंच्या बाजूला बसली होती, कमरेपर्यंत चिखल, दोन्ही तळव्यांना फडकी गुंडाळलेली. मी तिचा हात उघडून पाहिला. दोराने कातडी सोलली होती. याच हातांनी ती पेपर लिहिणार होती. मी रागावले तिच्यावर, आणि रागावता रागावता तिची फडकी पुन्हा नीट बांधली.

सहावीतली तिकडे वाटे मोजत होती. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले.

"भाऊ, एक वाटा जास्त हाये."

"असं?" भाऊ म्हणाले. "कोणाचा तं सांग."

तिने सवयीने विचारलं, "कोणाकोणाचा वाटा धरला?"

"जाळ्याचा धरला. जितके हात होते तितक्याईचे धरले."

"ताईचा?"

"ताईचाबी धरला. तिनं दिवसभर जाळं ओढलं, तिचा तिले. थे म्हणे माह्या वाट्याचे मासे त्या पोट्टीच्या घरी द्या. मी म्हटलं, तसं नाई होत. ज्याचा हात त्याचा वाटा. वसतिगृहात शिजव."

"मंग हा एक कोणाचा?"

"तू आज कुठी होती?"

"गडचिरोलीले."

"कोणत्या गावची म्हणून बसली तिथी?"

"आपल्या."

"मंग हात कामालेच होता न."

ती जमिनीकडे बघायला लागली. वाट्यांच्या आजूबाजूला मातीत ओले गोल उमटलेले होते, खवलं चिकटलेले. पानं आधी जिथे मांडलेली होती तिथले ते डाग. ती एका डागाकडून दुसऱ्याकडे चालत गेली, ओठ हलवत, मोजत. मी ताईकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि हळूच मला सांगितलं की वाटे एकदा पाडून झाले होते. लोक उचलायला वाकलेसुद्धा होते. तेव्हा भाऊ म्हणाले, थांबा, एक चुकलं. आणि सगळे वाटे मोडून पुन्हा पाडायला लावले.

या गावात पाडलेला वाटा मोडत नाहीत. मरळ एखाद्याकडे मोठी गेली तरी मोडत नाहीत, भांडण झालं तरी मोडत नाहीत. इतक्या वर्षांत मी तरी तसं कधी ऐकलं नव्हतं.

सहावीतली शेवटच्या डागाशी पोचली. तिच्या चेहऱ्यावर ते आलेलं मला दिसलं. चिंचोके चार-चारांत मांडले होते त्या दुपारी जे आलं होतं, तेच.

"पैले एक कमी होता," ती म्हणाली. मग बसलेल्या माणसांकडे, एकेकाच्या पानाकडे बघत सावकाश म्हणाली, "म्हणजे सगळ्याईनं आपापल्यातलं काढून देलं."

एकाने बिडी विझवली.

"देलं," भाऊ म्हणाले. "आता उचल लवकर. तू उचलल्याबिगर कोणी हात नाई लावून राह्यलं, अन् मासे वास मारून राह्यले."